जसं बोललं तसं

तिसऱ्या खेपेला यंत्राने ‘टुक्’ केलं. छोट्याने एस हे अक्षर दाबलं, मग एंटर, आणि दोन्ही हात की-बोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

“टुक् झालं?” फोनवरून रेडिओने विचारलं.

“झालं.”

“एस दाबलंस?”

“दाबलं.”

“मग आता कशालाही हात लावू नकोस. दम धर. मीही गप्प बसतो.”

रेडिओ गप्प बसतो म्हणजे प्रसंग मोठाच होता. दोघं अंधशाळेत एका बाकावर बसायचे, तेव्हापासूनच्या चाळीस वर्षांत त्याच्या तोंडाला कुलूप लागल्याचं छोट्याला आठवत नव्हतं. नाव काही उगाच पडलं नव्हतं. खोलीत यंत्राच्या पंख्याची घरघर होती, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. छोट्या मनात आकडे मोजायला लागला. पहिल्या दोन खेपांना बाराव्या आकड्यालाच जुन्या सिस्टीमची ओळखीची धून वाजली होती आणि त्याचा चेहरा पडला होता. या खेपेला धून वाजली नाही. सतराव्या आकड्याला स्पीकरमधून एक आवाज आला, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा, आणि भाषा कोणती हवी असं त्याने विचारलं.

छोट्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. तीन आठवड्यांत हे यंत्र त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होतं.

“बोललं! रेडिओ, अरे बोललं रे!”

“न बोलून जातंय कुठे?” कुलूप निघालं होतं. “आवाज भिकार आहे, ते मला माहीत आहे. चार दिवसांत तोच गोड वाटायला लागेल. माझ्या बायकोला माझाही लागलाच की. चल, भाषा सांग त्याला. यादीतला आकडा टाइप कर, आणि घाई करू नकोस. लिनक्स बसवताना घाई केलेली मला चालत नाही.”

जसं काही लिनक्स त्याच्या घरचंच होतं. तसं ते होतंही, कारण ज्याला हवं त्याने फुकट घ्यावं अशीच ती सिस्टीम होती, आणि रेडिओने ती एका पेन ड्राइव्हवर भरून, पाकिटात घालून, टपालाने छोट्याच्या पत्त्यावर धाडली होती.

छोट्याचं वय बावन्न. पण घरात ताई होती तोवर तो छोट्याच राहणार होता. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. गेली एकोणीस वर्षं तो चौकशी कार्यालयासाठी घरी बसून ध्वनिमुद्रणं टाइप करत होता. कुठे लिफ्ट पडली, कुठे गोदामाला आग लागली, की समिती बसायची, माणसांचे जबाब घ्यायची, आणि ते जबाब ऐकून कागदावर आणण्यासाठी छोट्याकडे यायचे. कामाचा नियम एकच होता. माणूस जसं बोलला तसं उतरलं पाहिजे. अडखळला तर अडखळणं उतरायचं, वाक्य अर्धं सोडलं तर अर्धंच सोडायचं. छोट्याचा यात असा हात बसला होता, की नव्याने लागलेल्यांना साहेब त्याच्या फाइली नमुना म्हणून द्यायचे.

टाइप केलेलं प्रत्येक अक्षर, आलेलं प्रत्येक पत्र, हे सगळं त्याला यंत्रातला एक आवाज वाचून दाखवायचा. तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी यंत्राने आपण होऊन काहीतरी नवं चढवून घेतलं आणि तो आवाज गेला तो गेलाच. चौकशी केल्यावर कळलं, की नव्या आवृत्तीसाठी हे यंत्र म्हातारं झालंय. बटणांच्या जुन्या फोनवर पत्रं वाचता येत नव्हती, आणि गुळगुळीत काचेच्या फोनशी छोट्याचं कधी सूत जमलं नव्हतं.

“त्यात काय एवढं?” ताई म्हणाली होती. “मी आहे ना!”

ताई होतीच. छत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवून ती निवृत्त झाली होती, आणि सुधारायला वह्या उरल्या नाहीत म्हणून थोडी उदास असायची. ती रोज त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागली. तो टाइप करायचा, मग ती सगळं मनातल्या मनात वाचायची आणि जिथे त्याचं बोट चुकलं असेल तिथे दुरुस्त करायची. पत्रंही तीच वाचून दाखवायची. रेडिओच्या पत्रात मध्येच थांबून “इथे काहीतरी अर्वाच्य लिहिलंय” म्हणायची आणि पुढच्या ओळीवर जायची. नेमकं तेच छोट्याला ऐकायचं असायचं.

साहेबांची पत्रं मात्र ती फार छान वाचायची. एकोणीस वर्षांत साहेबांनी दोन ओळींच्या वर कधी लिहिलं नव्हतं, पण अलीकडे त्यांना पाझर फुटला होता. ‘काम नेहमीप्रमाणे सुबक. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे कार्यालय उभं आहे.’ दुसऱ्या खेपेला, ‘तुमची फाइल वाचताना समाधान वाटतं.’ साहेब उतारवयात मवाळ झाले असावेत, असं छोट्याने ठरवून टाकलं होतं. ती वाक्यं तो दिवसभर मनात घोळवायचा, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्यांच्या जोरावरच त्याने हे तीन आठवडे काढले होते.

कारण बाकी सगळं त्याच्या जिवावर आलं होतं. ताईने कधी कंटाळा केला नाही, त्याबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती. पण तीन आठवड्यांत एकही लिहिलेला शब्द ताईच्या आवाजाशिवाय त्याच्या कानावर पडला नव्हता. बावन्न वर्षांचा माणूस आणि स्वतःचं पत्र स्वतः उघडू शकत नाही, हे त्याला घशात अडकलेल्या घासासारखं झालं होतं. आज शुक्रवार. गोदामाच्या आगीतल्या पहारेकऱ्याचा जबाब पाचच्या आत साहेबांकडे पोचायला हवा होता. फाइल तयार होती, ताईने काल ती तपासलीही होती, आणि नेहमीप्रमाणे ध्वनिमुद्रणासकट वेगळ्या पेन ड्राइव्हवर घालून छोट्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली होती. ताई सकाळी नऊला दाढ काढायला गेली होती. ती तीन-चार तास घराबाहेर, असा योग पुन्हा कधी येणार होता?

“फाइल आधी पाठवून दे आणि मग घाल हा घाट,” रेडिओने बजावलं होतं. “मध्येच काही बिनसलं तर पाच वाजता काय पाठवशील, कपाळ?”

“ती पाठवायची तर ताईला सांगावं लागेल. आजची फाइल मी पाठवणार. माझ्या हाताने.”

“हट्टी आहेस. शाळेत दर खेपेला मार खायचास तो याच्यामुळेच.”

यंत्र एकेक प्रश्न विचारत गेलं आणि छोट्या आकडे टाइप करून उत्तरं देत गेला. घड्याळ कुठलं, की-बोर्ड कसला, नाव काय, परवलीचा शब्द काय. प्रत्येक अक्षर दाबलं की डब्यातला आवाज ते परत म्हणून दाखवायचा. मग डिस्कचा प्रश्न आला. आवाजाने सरळ सांगितलं, की या डिस्कवर जे काही आहे ते सगळं पुसलं जाईल. हो असेल तर एक, नाही तर दोन.

छोट्याचं बोट एकच्या बटणावर थांबलं. जुनी सिस्टीम मुकी होती, पण होती. ताईने तिच्यावरून पत्र पाठवलं असतं. हे एक बटण दाबलं की परतीची वाट बंद. नवी नीट बसली नाही तर पाच वाजता हातात काही नाही, आणि दिलेल्या वेळेत फाइल गेली नाही असं एकोणीस वर्षांत कधी घडलं नव्हतं.

“काय झालं?” रेडिओने विचारलं.

“बोट धजत नाही.”

“माझंही धजलं नव्हतं. मी तर आधी दोन दाबलं होतं आणि बायकोला सांगितलं होतं की यंत्रच नको म्हणतंय.”

छोट्या हसला आणि हसता हसताच त्याने एक दाबलं.

पुढचा पाऊण तास त्या आवाजाने टक्के म्हणून दाखवण्यात घालवला. छोट्याने स्पीकर मोठा केला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. बावीस टक्के. चहा उकळला. एकतीस. त्याने दूध घातलं, गाळला, कपाच्या कडेवर बोट ठेवून भरला. अडतीसला यंत्र अडलं आणि अडूनच राहिलं, तेव्हा तो कप हातात घेऊन दारात उभा राहिला आणि कान देऊन ऐकत राहिला. चहावर साय आली. एकोणचाळीस, यंत्र म्हणालं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. फोनची बॅटरी संपत आल्याची कुईकुई सुरू झाली, म्हणून त्याने टेबलाखाली चाचपून एक प्लग उपटला आणि तिथे फोन लावून दिला.

सव्वाअकराला यंत्राने रेडिओचा पेन ड्राइव्ह काढून घ्यायला सांगितलं आणि ते बंद होऊन पुन्हा सुरू झालं. या वेळी छोट्याने आकडे मोजले नाहीत. तो खुर्चीच्या दोन्ही दांड्या धरून बसला होता. आवाज आला, त्याने नाव विचारलं. छोट्याने नाव टाइप केलं, परवलीचा शब्द टाइप केला, आणि आवाजाने डेस्कटॉप तयार असल्याची बातमी दिली. मग छोट्याने लिहिण्याची एक कोरी खिडकी उघडली आणि स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट टाइप केलं. डब्यातल्या आवाजाने त्याची पार वाट लावली. आडनाव तर ओळखूही आलं नाही. छोट्याने ते पाच वेळा परत परत म्हणवून घेतलं आणि पाचव्यांदा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“रडतोयस?” रेडिओ म्हणाला.

“नाही.”

“रड रे. मी दोन दिवस रडत होतो. तिसऱ्या दिवशी शिव्या टाइप करून वाचून घेतल्या. काय सुरेख म्हणतो माहितीये? आता फोन ठेव आणि तुझी फाइल पाठव.”

छोट्याने फोन ठेवला, खिशातला पेन ड्राइव्ह काढून लावला आणि फाइल उघडली. नुसती पाठवून दिली असती तरी चाललं असतं. पण वाचणारा परत आला होता, आणि दोन पानं ऐकायचा मोह त्याला आवरला नाही.

समितीने पहारेकऱ्याला विचारलं होतं, आगीच्या आधी गोदामापाशी कुणाला पाहिलं का. पहारेकऱ्याचं उत्तर छोट्याला पाठ होतं. तो माणूस म्हणाला होता, ‘बघितलं म्हणजे... बघितलंच असं नाही ना साहेब. उजेड होता तेवढा. कोणतरी होतं. म्हणजे, असावं.’ ते सगळं छोट्याने तसंच टाइप केलं होतं, मधल्या श्वासासकट.

डब्यातला आवाज म्हणाला, ‘उजेड पुरेसा नसल्यामुळे मी कोणत्याही व्यक्तीस प्रत्यक्ष पाहिले नाही.’

छोट्याने ओळ पुन्हा वाचायला लावली. मग वरची, मग खालची. पहारेकरी पानभर असाच बोलत होता, एखाद्या गौरव समारंभात आभार मानायला उठल्यासारखा. आणि तेही एकवेळ समजण्यासारखं होतं. पण पुढच्या पानापासून आणखीच विचित्र प्रकार सुरू झाला. जिथे तो माणूस सरळ, स्वच्छ बोलला होता, तिथे ‘म्हंजे’ आणि ‘नाय’ घुसले होते. बरोबर दर तिसऱ्या वाक्यात एक. अशुद्धसुद्धा इतक्या शिस्तीत लिहिणारी बाई छोट्याच्या ओळखीत एकच होती.

हे असं का, हे त्याला इंटरनेटवरची पत्रं उघडल्यावर कळलं. साहेबांची तीन पत्रं होती. पहिलं म्हणत होतं, ‘पान चार आणि सात बघा. वाक्यं जशीच्या तशी हवीत. लक्ष द्या.’ दुसरं म्हणत होतं, ‘पुन्हा तेच. गोदामातला हमाल असा बोलत नाही. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ तिसरं परवाचं होतं. ‘समितीने फाइल परत पाठवली. शुक्रवारी पाचच्या आत येणारी फाइलही अशीच निघाली, तर काम दुसऱ्याकडे सोपवावं लागेल. एकोणीस वर्षांनंतर हे लिहिताना मला बरं वाटत नाही.’

हे तिसरं पत्र ताईने वाचलं होतं, ‘शुक्रवारी पाचच्या आत फाइल द्यावी. फार दगदग करू नये, प्रकृती सांभाळावी.’

छोट्याला आधी राग आला, चांगलाच. त्याने टेबलावर मूठ आपटली आणि थंड चहाचा कप लवंडला. मग त्याला आठवलं, की साहेबांची पत्रं वाचताना ताई दर वेळी सुरुवातीला थोडी थांबायची. तो समजायचा, चष्मा शोधत असेल. ती चष्मा शोधत नव्हती. समोर जे लिहिलेलं होतं ते गिळून, त्याच्यासाठी दुसरं काहीतरी मनात जुळवत होती. सुबक, समाधान, कार्यालय उभं आहे. ते सगळं ताईचं होतं. साहेबांनी त्यातलं काही म्हटलंच नव्हतं. राग गेला नाही, पण तो धरून बसायला छोट्याला जमेना. त्याने फडक्याने टेबल पुसलं, हेडफोन चढवला आणि पहारेकऱ्याचं ध्वनिमुद्रण पहिल्यापासून लावलं. साडेबारा वाजले होते. बावीस पानं होती.

चौथ्या पानावर असताना दार वाजलं. चपला निघाल्या, पर्स खुंटीला लागली, आणि पावलं दारातच थबकली.

“हं?” ताई म्हणाली. मग जोरात, “हं? हं?”

“बोलत का नाहीस? दाढ काढली का जीभ?”

ताईने जवळ येऊन त्याचा हात धरला आणि तळहात उघडून त्यावर बोटाने लिहिलं. तो पाच वर्षांचा आणि ती अकराची असताना डोळस लोकांची अक्षरं कशी असतात हे तिने त्याला असंच शिकवलं होतं. तिने लिहिलं, कापूस. मग, तासभर बोलायचं नाही. मग बोट थांबलं आणि घाईघाईने लिहायला लागलं: स्क्रीन काळी. मेलं?

तेव्हा छोट्याच्या लक्षात आलं, की फोनसाठी टेबलाखालून त्याने जो प्लग उपटला होता तो स्क्रीनचा होता. सकाळपासून इतकं सगळं झालं आणि स्क्रीन नाही याचा त्याला पत्ताच नव्हता. तिची त्याला गरजच काय होती?

“मेलं नाही. उलट जिवंत झालंय. नवी सिस्टीम बसवली, मीच. ऐक.”

त्याला दुसरं काहीही ऐकवता आलं असतं. स्वतःचं नाव ऐकवता आलं असतं. पण त्याने हेडफोनची तार काढली आणि साहेबांचं तिसरं पत्र लावलं. डब्यातल्या आवाजाने ते कुठेही न थांबता, न अडखळता, अगदी कोरडेपणाने वाचलं. बरं वाटत नाही, इथे पत्र संपलं.

ताईचं बोट त्याच्या तळहातावर तसंच टेकलेलं होतं.  

“ताई,” छोट्या म्हणाला, “तो पहारेकरी पाचवीपर्यंत तरी शिकला असेल का? त्याला तू पार पदवीधर करून टाकलंस.”

कापसाआडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता का रडण्याचा, ते कळायला मार्ग नव्हता.

“आणि हे ‘म्हंजे’ कुठून आणलेस? घरी बनवलेस?”

आता मात्र तो आवाज दोन्हीचा होता. तळहातावर भराभर अक्षरं उमटली: घाबरले होते. मग: तुझं काम जाईल. मग काहीतरी खोडल्यासारखं, आणि मोठ्या अक्षरात: चुकले.

ताईने हा शब्द उच्चारलेला छोट्याने कधी ऐकला नव्हता, आणि आजही ऐकला असं म्हणता येत नव्हतं. त्याने तिचं बोट मुठीत धरलं आणि जरा दाबून सोडून दिलं.

“पाच वाजायला वेळ आहे,” तो म्हणाला. “बस.”

ती आपल्या खुर्चीवर बसली. छोट्याने तार परत लावली. एका कानात पहारेकरी बोलायचा, दुसऱ्या कानात डब्यातला आवाज टाइप केलेलं म्हणून दाखवायचा, आणि त्या दोघांची गाठ घालून देत छोट्या पुढे सरकायचा. ध्वनिमुद्रण थांबवायचं पायाचं पेडल नव्या सिस्टीमचं ऐकेना, तेव्हा त्याने ते लाथेने बाजूला सारलं आणि एका बटणावर काम भागवलं. दोन वाजता नऊ पानं झाली होती, तीन वाजता पंधरा. पहारेकऱ्याचा दम, खोकला, घाबरून हसणं सगळं परत जागच्या जागी येत होतं. छोट्याला वाटलं, आपण इतकं चांगलं काम कित्येक वर्षांत केलं नसेल. बोटं त्याच्याही पुढे धावत होती.

अठराव्या पानावर एक शब्द लागेना. पहारेकरी कशावर तरी बसला होता, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी दार आपटलं होतं. छोट्याने सात वेळा ऐकलं. मग हेडफोन काढून ताईच्या दिशेने धरला.

तिने एकदा ऐकलं. परत ऐकायची खूण म्हणून त्याच्या मनगटावर टिचकी मारली, आणि पुन्हा ऐकलं. मग त्याच्या तळहातावर सावकाश एकेक अक्षर काढलं: इ, स्टू, ल.

“स्टूल?” त्याने मुद्दाम विचारलं.

ताईने त्याच्या तळहातावर इ परत काढली आणि तिच्यावर बोटाने दोनदा ठोकलं.

छोट्याने ‘इस्टूल’ टाइप केलं. डब्यातला आवाज ते अगदी त्या पहारेकऱ्यासारखं म्हणाला.

चार वाजून बावीस मिनिटांनी फाइल गेली. पत्र छोट्याने लिहिलं, फाइल छोट्याने जोडली आणि पाठवण्याचं बटणही त्यानेच दाबलं. पत्र गेल्याचा बारीकसा आवाज आला तेव्हा त्याने खुर्ची मागे ढकलून दोन्ही हात डोक्यावर नेले आणि शर्यत जिंकल्यासारखा तसाच उभा राहिला. ताईने टाळ्या वाजवल्या. कापूस काढायची वेळ केव्हाच उलटून गेली होती, पण ती विसरली होती. मग ती बेसिनपाशी गेली, चूळ भरल्याचा आवाज आला, आणि ती परत येऊन बसली.  दोघं वाट बघत बसले.

पाचला दहा मिनिटं असताना उत्तर आलं. छोट्याने हेडफोन कानाला लावला. डब्यातला आवाज म्हणाला, ‘मिळाली. तपासली. बरोबर आहे. सोमवारी दोन फाइली पाठवतो.’ एवढंच होतं. नाव नाही, नमस्कार नाही. छोट्याला ते इतकं आवडलं की त्याने लगेच परत ऐकलं. आपलं काम वाचलं. हे साहेबांचे शब्द होते, अगदी जसे लिहिले तसे, आणि ते त्याने स्वतः वाचले होते.

“काय म्हणतात?” ताईने विचारलं. अर्धा गाल अजून बधिर होता. 

“मिळाली म्हणतात. बरोबर आहे. सोमवारी दोन फाइली पाठवतायत.”

“देवा!” ताई म्हणाली, आणि खुर्ची करकरली.

छोट्या जरा थांबला.

“आणि पुढे लिहितात,” तो म्हणाला, “‘तुमच्या ताईंनी तीन आठवडे जे कष्ट उपसले, ते कार्यालय विसरणार नाही. अशी भाषा आता कुठे ऐकायला मिळते.’”



“परत वाच,” ताई म्हणाली.

“‘तुमच्या ताईंनी तीन आठवडे जे कष्ट उपसले, त्याबद्दल कार्यालय त्यांचं ऋणी आहे. अशी माणसं आता कुठे मिळतात.’”

“मघाशी भाषा होती.”

“भाषाही आहे. खालच्या ओळीत.”

ताई उठली. टेबलाखाली वाकल्याचं त्याला तिच्या गुडघ्यांवरून कळलं. स्क्रीनची तार जमिनीवर घासली, प्लग भिंतीला टेकल्याचा आवाज आला. मग प्लग परत फरशीवर ठेवला गेला. ती उठून खुर्चीवर बसली आणि तिने खुर्ची पुढे ओढली, अगदी त्याच्या कोपराला लागेपर्यंत.

“आणखी काय लिहिलंय?” तिने विचारलं.

“बरंच आहे,” छोट्या म्हणाला. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आणि तो पुढचं वाचायला लागला.